लक्ष्मी रस्ता आणि परतीची मुदत

पुण्याचे वर्णन करणारे लेखक बहुधा शनिवारवाड्यापासून आरंभ करतात आणि पर्वतीच्या पायऱ्या चढून विसावा घेतात. परंतु बाहेरगावच्या संसारी कुटुंबास विचाराल, तर त्याचे पुणे लक्ष्मी रस्त्यावर सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच संपते. पश्चिमेस अलका चित्रगृहाच्या चौकातून निघावे, कुंटे चौक मागे टाकावा, बेलबागेतील विष्णूस बाहेरूनच नमस्कार करावा आणि सोन्या मारुतीवरून पूर्वेच्या पेठांकडे जावे, असा हा रस्ता आहे. अनंत चतुर्दशीस गणपतीची मिरवणूक याच रस्त्याने तासन् तास पुढे सरकत असते. एरवी वर्षभर येथे मिरवणूक चालते ती लग्नघरांची. सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर, कोकणपट्टी अशा चोहोकडून मंडळी बस्ता बांधण्यास येथे येतात. पुढे यादी हातात धरलेली एखादी थोरली वहिनी किंवा आत्या, तिच्यामागे नवरी मुलगी, आणि सर्वांत मागे पिशव्या सांभाळणारे पुरुष, हा क्रम पाहिला की हे लग्नघर आहे हे सांगावे लागत नाही.

दुकानात शिरावे, पादत्राणे काढावी आणि पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसावे. पुढे जे काही होते ते ज्याने पाहिले नाही त्याने एकदा अवश्य पाहावे. समोरचा सेवक एकामागून एक घडी उलगडतो, पदर हवेत झेपावतो, रंगावर रंग पडत जातात, आणि अर्ध्या तासात गादीवर रेशमाचा एवढा ढीग साचतो की मूळची पसंत केलेली साडी त्यात कोठे बुडाली हे शोधावे लागते. "काकू, हा रंग दिव्याखाली नका बघू, दारात चला," असे म्हणून तो साडी घेऊन स्वतः उजेडात जातो. यात त्याचा धंदा आहे हे खरेच. पण त्यात एक जातीचा सचोटीपणाही आहे. नंतर चहा येतो, भावाची थोडी ओढाताण होते, गल्ल्यावर यंत्रातून लांबट बिल बाहेर पडते आणि मंडळी उठतात. त्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत चार ओळी छापलेल्या असतात. आमचा हा लेख त्या चार ओळींविषयी आहे.

आमचे बिऱ्हाड वाईचे. वाईहून पुणे सुमारे नव्वद किलोमीटर. कृष्णेचे घाट मागे राहिले की सुरूरच्या फाट्यावर गाडी हमरस्त्यास लागते. खंबाटकीस पुण्याकडे जाणारी वाहने बोगद्यातून क्षणात पलीकडे निघतात. परतताना मात्र घाटाची वळणे घ्यावी लागत आली. तेव्हा जाताना वाट सरळ आणि येताना वळणाची, हा अनुभव खरेदीस जाणाऱ्या वाईकरास आधीच मिळत आला. शिरवळ येते, नीरा ओलांडली की सातारा जिल्हा संपतो, आणि मग कात्रजचा डोंगर. याच डोंगराच्या पायथ्याचे पाणी पेशव्यांनी नळांतून पुण्याच्या वाड्यांत आणले. स्वारगेटला उतरल्यावर पूर्वी रिक्षावाल्याशी हुज्जत घालणे भाग असे; सप्टेंबर २०२४ पासून जमिनीखालून मेट्रो धावू लागल्यामुळे आता एकाच टप्प्यात मंडईच्या पोटात जाऊन वर निघता येते. थोरल्या वहिनींस ही सोय फार आवडली. फक्त वर येताना सरकत्या जिन्यावर पहिले पाऊल टाकण्यापूर्वी त्या नेहमी देवाचे नाव घेतात.

मंडईची अष्टकोनी वास्तू १८८६ सालची. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती उभी राहिली आणि पुढे महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या शेजारी तुळशीबाग. नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी पेशवाईत बांधलेले राममंदिर मध्ये, आणि भोवती तांब्या-पितळेची भांडी, पूजेची उपकरणी, भातुकली, बांगड्या, पिना, आरसे यांचा बाजार. मंदिरात घंटा वाजते आणि बाहेर "तीनशे सांगितले, दोनशेला द्या" हे चालू असते. दोघांनाही एकमेकांची अडचण वाटत नाही. या छोट्या दुकानांत परतीचा प्रश्न सहसा निघत नाही. घेणाऱ्याने डोळ्यांनी पारखावे, बोटांनी वाजवून पाहावे, आणि एकदा पैसे दिले की वस्तू आपली. भांडे गळले तर दुकानदार ते बदलून देतोही, कारण गिऱ्हाईक पुन्हा त्याच बोळातून जाणार हे त्यास ठाऊक असते.

मोठ्या पेढ्यांची रीत निराळी होती. आमच्या आजोबांच्या काळी कापडाचा व्यापारी ओळखीच्या घरी गठ्ठाच पाठवीत असे. घरातील बायकांनी चार दिवस लुगडी पाहावी, सासूने सुनेस विचारावे, सुनेने जावेस विचारावे, हवी ती ठेवावी आणि उरलेली परत करावी. यास 'जांगड' म्हणत. हा शब्द आता घरांतून गेला असला तरी जुना आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात, ठेवण्याच्या किंवा परत करण्याच्या बोलीवर दुकानातून नेलेला माल, असाच त्याचा अर्थ दिला आहे. अशा मालाच्या हिशेबाची जांगडवही वेगळी असे. मुंबई-सुरतेच्या हिऱ्यांच्या व्यापारात तर जांगडीच्या चिठ्ठीवर माल देण्याची चाल अद्याप चालू आहे. जांगडीस मुदत नव्हती असे मात्र कोणी समजू नये. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यात या व्यवहारासाठी स्वतंत्र कलम आहे. ठरलेल्या मुदतीत माल नाकारला नाही, किंवा मुदत ठरलीच नसेल तर वाजवी काळ लोटू दिला, की तो माल घेणाऱ्याचा झाला, असे ते कलम सांगते. मौन हे संमतीचे लक्षण, ही घराघरांतील म्हण सरकारी भाषेत गेली एवढेच. मात्र 'वाजवी काळ' म्हणजे किती, हे ठरविण्यास समोरासमोर बसलेली दोन माणसे लागत. कोणाच्या घरी बाळंतपण आहे, कोणाकडे आजारपण आहे, हे व्यापाऱ्यास माहीत असे आणि तो त्याप्रमाणे वाट पाही.

आता बिलावर छापलेली मुदत आहे. ती कशी वागते याचा अनुभव आमच्या घरास गेल्या मार्गशीर्षात आला.

पुतणीचे लग्न माघातले. बस्ता मार्गशीर्षाच्या आरंभी लक्ष्मी रस्त्यावरील एका जुन्या दुकानात बांधला. मानापानाच्या साड्यांत नवऱ्या मुलाच्या आत्यांसाठी एक नारायणपेठी रेशमी नऊवारी घेतली. किंमत ९,६०० रुपये. चौथ्या दिवशी व्याह्यांचा दूरध्वनी आला. बोलणे अत्यंत संकोचाचे होते. रेशमासाठी किड्यांचा जीव जातो म्हणून आत्याबाईंनी वीस वर्षांपासून रेशीम वर्ज्य केले आहे. त्या सुतीच नेसतात. आहेर नाकारणे त्यांस जड जाईल आणि नेसणे त्याहून जड जाईल. त्यांनी सांगितले हे उत्तम केले. बिलावर मुदत पंधरा दिवसांची होती: घडी न मोडलेली साडी मूळ बिलासह आणल्यास बदलून मिळेल, रक्कम परत मिळणार नाही. येत्या रविवारी जाऊन त्या बदली सुती इरकली आणावी असे ठरले.

त्या रविवारच्या आधीच, सहाव्या दिवशी, भाऊबंदांतील आमचे एक वृद्ध चुलते वारले. दहा दिवसांचे सुतक आले. शेजारचे गृहस्थ पुण्यास जाणार होते, त्यांच्याबरोबर साडी पाठवावी अशी सूचना घरातील तरुण मंडळींनी केली. थोरल्या काकूंचे मन ते घेईना. सुतकातल्या घरातून लग्नाचे वस्त्र बाहेर काढायचे, तेही व्याह्यांच्या मानाचे, हे त्यांस प्रशस्त वाटले नाही. आणि ज्या घरात दिवस चालू आहेत तेथे नऊ हजारांच्या साडीवरून वाद घालणे कोणासच शोभले नसते. तेराव्याचे गोड जेवण झाले, पाहुणे गेले, आणि खरेदीपासून एकोणिसाव्या दिवशी आम्ही दोघे भाऊ व थोरल्या वहिनी पुण्याच्या गाडीत बसलो. मुदत उलटून चार दिवस झाले होते.

गल्ल्यावर एक तरुण होता. बोलणे अतिशय आर्जवी. त्याने बिल यंत्रासमोर धरले, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाला, "काका, तारीख गेली आहे. मी घ्यायची म्हटली तरी सिस्टीम घेत नाही."

वहिनींनी कारण सांगितले. त्याने खरोखर वाईट वाटून मान हलविली. "समजतं हो काकू. पण यात तसं काही लिहायला जागाच नाही."

हे त्याचे वाक्य आमच्या लक्षात राहिले. त्याच्या मनात जागा होती, यंत्रात नव्हती.

इतक्यात आतल्या बाजूस गादीवर बसलेले वृद्ध मालक उठून आले. त्यांनी प्रथम बोलण्याकडे लक्ष न देता साडी हातात घेतली. काठ पाहिला, पदराची टोके पाहिली, आतली चिठ्ठी जागेवर आहे की नाही ते पाहिले, आणि विचारले, "घडी मोडली नाही ना?"

"नाही. पिशवीतून काढलीसुद्धा नाही," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, मुदत गेली ती गेली. मुलानं नाही म्हटलं ते बरोबरच आहे. आज तुमची घेतली तर उद्या दाराशी रांग लागेल, आणि प्रत्येकाचं कारण खरं की खोटं ते मी कसं ठरवू?" असे म्हणून ते थोडे थांबले. "पण असं करा. साडी इथे ठेवून जा. जांगड. पुढे लग्नसराई आहे. महिन्यात गेली तर शेकडा पाच कापून पैसे पोचते करतो. नाही गेली, तर आपली साडी घेऊन जा."

आजोबांच्या तोंडचा शब्द कित्येक वर्षांनी कानी पडला, आणि तोही उलटा होऊन. पूर्वी दुकानाचा माल घरात जांगड येई; आज घरचा माल दुकानात जांगड राहिला. त्यांनी एका चिटोऱ्यावर वर्णन, किंमत व तारीख लिहून सही केली. नवे बिल नाही, यंत्र नाही. पुढची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. बरोबर तिसाव्या दिवशी त्यांचाच दूरध्वनी आला. साडी गेली नव्हती. "मुदत झाली म्हणून कळवतो. घेऊन जाता की आणखी ठेवू?" आम्ही ठेवा म्हणालो. आठवड्याभरात ती विकली गेली आणि ९,१२० रुपये घरी पोचले. मुदत त्यांनीही घातली होती. पण ती संपताना त्यांनी हाक मारली.

ही गोष्ट येथेच संपवून जुन्या माणसांचे गुण गावे असा मोह होतो. परंतु त्याच दिवशी त्याच गल्ल्यावर आम्ही आणखी एक गोष्ट पाहिली, ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. आमचे बोलणे चालू असता पलीकडे एक मुलगी उभी होती. पंचविशीची असेल. तिच्या हातात तयार कुर्ता होता आणि त्याची बाजूची शिवण उसवलेली होती. तयार कपड्यांस त्या दुकानात मुदत सात दिवसांची. ती नवव्या दिवशी आली होती. "सलग रात्रपाळ्या होत्या," एवढेच ती म्हणाली. "ताई, सात दिवस झाले," एवढेच उत्तर आले. तिने आणखी काही विचारले नाही. आमच्या चिटोऱ्यावर सही होऊन आम्ही वळून पाहतो तो ती गर्दीत दिसेनाशी झाली होती.

आमच्यासाठी मालक गादीवरून उठले, याचे कारण केवळ आमचे सुतक नव्हे. आम्ही पूर्ण बस्ता तेथे बांधला होता. आमच्या घरची दोन लग्ने पूर्वी त्याच गादीवर पार पडली होती. बरोबर वयस्कर वहिनी होत्या. त्या मुलीपाशी एक कुर्ता आणि एक रात्रपाळी होती. जुन्या जांगडीचेही असेच होते. गठ्ठा वाड्यात जाई, ओळखीच्या घरी जाई. जिची पेढीवर ओळख नाही त्या बाईच्या दारी तो कधी गेला नाही. तिला रोख पैसे मोजून, मिळेल ते लुगडे घेऊन निघावे लागे. छापील मुदत रुक्ष खरी; पण ती वाड्यातल्यास आणि खोलीतल्यास एकच तारीख सांगते, हा तिचा मोठा गुण आहे.

वाईस परतल्यावर या विषयाने आमचा पिच्छा सोडला नाही. आणि वाईसारख्या गावी असे झाले की पोथ्यांकडे हात जातो. येथील प्राज्ञपाठशाळेने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली 'धर्मकोश' सिद्ध केला, त्याच्या व्यवहारकांडाचा पहिला भाग १९३७ साली निघाला. ज्या अठरा व्यवहारपदांत प्राचीनांनी सर्व तंटे बसविले, त्यांत खरेदी-विक्रीच्या पश्चात्तापाचे एक स्वतंत्र पद आहे: क्रीतानुशय. घेतल्यावर मन फिरले तर काय करावे, हा प्रश्न लक्ष्मी रस्त्यापेक्षा पुष्कळच जुना आहे.

मनूने पश्चात्तापास दहा दिवस दिले आहेत. सुतकाचेही दिवस दहाच. दोन्ही एकत्र आले असता काय करावे हे त्याने सांगितलेले नाही. याज्ञवल्क्याने वस्तूपरत्वे पारखण्याची मुदत ठरविली: लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नांस सात, बियाण्यास दहा. बियाणे उगवून येण्यास वेळ लागतो आणि लोखंड वाजविताच कळते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांमागचा व्यवहार दिसतो. त्याच यादीत दासदासींसही मुदत आहे. माणूसही पारखून परत करण्याची वस्तू होती, हे वाचताना मान खाली जाते, आणि ते लपवून पूर्वजांची थोरवी सांगणे योग्य नव्हे. नारदाने परतीस किंमत लावली. त्याच दिवशी जशीच्या तशी परत केली तर पूर्ण मूल्य. दुसऱ्या दिवशी तिसावा हिस्सा सोडावा. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, म्हणजे पंधरावा. त्यानंतर वस्तू घेणाऱ्याची. नेसून मळविलेले वस्त्र तर सदोष असले तरी परत नाही. पुण्याच्या मालकांनी आमचे शेकडा पाच कापले, म्हणजे विसावा हिस्सा. नारदाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसांच्या मध्ये कोठेतरी ते बसते. "घडी मोडली नाही ना," हा त्यांचा प्रश्नही नारदाच्याच घरचा.

परंतु आमचे लक्ष सर्वांत अधिक वेधले ते कौटिल्याने. त्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्यांस एक रात्र, शेतकऱ्यांस तीन रात्री व गोपालकांस पाच रात्री पश्चात्तापासाठी दिल्या आहेत. ज्याचा बाजाराशी रोजचा संबंध नाही त्यास अधिक वेळ, असा त्यातील भाव दिसतो. त्याच ठिकाणी, विकलेला माल न देणाऱ्यास आणि घेतलेला माल न उचलणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगताना तो तीन अपवाद करतो: दोष, उपनिपात आणि अविषह्य. वस्तूतच दोष असणे. राजा, चोर, अग्नी, पाणी यांपासून विघ्न येणे. आणि संकटात सापडलेल्या माणसाने केलेला व्यवहार असणे. दंडाचा नियम करणाऱ्या त्या कठोर पुरुषाने नियमाशेजारीच अपवादांची जागा राखून ठेवली. "यात लिहायला जागाच नाही," असे त्यास म्हणावे लागले नसते.

त्या मुलीच्या कुर्त्याचे काय झाले असते? तो तर कौटिल्याच्या पहिल्याच अपवादात बसतो, आणि आजच्या कायद्यातही. हा भेद प्रत्येक घराने नीट समजून घ्यावा असा आहे. निर्दोष वस्तू केवळ नको झाली म्हणून परत घेण्याची सक्ती आपल्याकडे दुकानदारावर नाही. तेथे दुकानाने आपण होऊन दिलेला शब्द, म्हणजे बिलाच्या तळाच्या त्या चार ओळी, हाच आधार. आमची साडी या जातीची. सदोष वस्तूची गोष्ट निराळी. ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आहे. त्यानुसार सदोष वस्तू बिलावरील मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ही मुदत चुकली म्हणजे दार कायमचे लागले असेही नाही. दोषाबद्दलची तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे नेता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तेथे शुल्क नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीस विचारता येते. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही," ही पाटी भिंतीवर कितीही ठळक असली तरी उसवलेल्या शिवणीस ती लागू होत नाही.

हे हक्क आपोआप आलेले नाहीत, आणि त्यांत पुण्याचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली याच शहरात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. पुढल्याच वर्षी मुंबईत मुंबई ग्राहक पंचायत निघाली. कायदा होण्याच्या बारा वर्षे आधी, ज्या शहरातील दुकानदारांच्या पाट्यांवर लोक विनोद करीत, त्याच शहरात गिऱ्हाइकांनी एकत्र बसून आपली पाटी लिहावयास घेतली. त्या परिश्रमांचा लाभ त्या मुलीपर्यंत पोचलेला नव्हता, कारण तो आहे हेच तिला ठाऊक नव्हते. ज्या घरांत हे मासिक वाचले जाते त्या घरांत कायदा समजणारे कोणी ना कोणी असतेच. त्यांनी आपल्या वाड्यात, इमारतीत, घरी कामास येणाऱ्या बाईस, शेजारच्या खोलीतील मुलींस हे दोन भेद समजावून सांगितले, तर ते काम लहान नव्हे.

बाकी व्यवहाराच्या सूचना सुज्ञ वाचकांस सांगावयास नकोत. तरी बाहेरगावाहून बस्ता बांधण्यास येणाऱ्यांसाठी दोन लिहून ठेवतो. बिल हाती येताच तळाच्या ओळी गादीवरून उठण्यापूर्वी मोठ्याने वाचाव्या, म्हणजे त्या दोघांनीही ऐकल्या असे होते. आणि मुदतीत येणे अडेल असे दिसताच, मुदत असतानाच दुकानात कळवावे. तेराव्यापर्यंत वाट पाहावी लागली तरी शब्द तेवढा आधी पोचविता येतो, आणि तो ऐकणारा माणूस पलीकडे असेल तर त्याला 'वाजवी काळ' मोजणे सोपे जाते.

दुपारी एकच्या सुमारास लक्ष्मी रस्त्यालगतच्या बोळांतील कित्येक लहान दुकाने अजून फळ्या ओढून विश्रांती घेतात. त्या वेळी बेलबागेच्या आवारात थोडी सावली आणि पुष्कळ शांतता असते. ज्या नाना फडणविसांनी हे देऊळ बांधले त्यांचाच दुसरा वाडा वाईजवळ मेणवलीस कृष्णाकाठी आहे. तेव्हा वाईकरास येथे परके वाटत नाही. चार वाजले की फळ्या पुन्हा निघतात, गाद्यांवर नव्या घड्या उलगडू लागतात, आणि कोठूनतरी आलेली एखादी आत्या साडी घेऊन दारातल्या उजेडाकडे निघते.